मशीनचं गोडं पाणी

संगणकाच्या खोलीत सुखदेवभाऊंनी पहिल्या दिवशी आणलेली वस्तू म्हणजे एक भाजलेला उडदाचा पापड. भाजण्याआधीच त्याला मधोमध भोक पाडून ठेवलेलं होतं. त्यातून सुतळी ओवून त्यांनी तो खिडकीच्या गजाला, बरोबर मशीनच्या उंचीवर टांगला आणि दोन पावलं मागे सरून तसबीर सरळ लागली की नाही हे पाहावं तसं पाहिलं. मी नुकताच पुण्याहून शिकून आलेलो, म्हणजे अंगात शहाणपणा मावत नव्हता. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून काहीतरी चाललंय, आणि मी लिंबू-मिरचीवरून एक फालतू विनोद केला. ते हसले नाहीत.

"साहेब," ते म्हणाले, "तुमच्या मशीनले थंडावा पाह्यजे, पन ओल नाई पाह्यजे, असं तुमीच सांगतलं. हवेत ओल किती हे मले कसं समजन? पापड मऊ पडला का पानी बंद. कडक झाला का पानी चालू."

हवेतला दमटपणा मोजायचं उपकरण मी वरच्या कचेरीकडे तीनदा लेखी मागितलं होतं. ते शेवटपर्यंत आलं नाही. आमचं सगळं काम पापडावर झालं, आणि पापडाने एकदाही दगा दिला नाही.

ही गोष्ट वरवट बकालची. महाराष्ट्र राज्याला पंचवीस वर्षं झाल्याचे रंगीत फलक तेव्हा कचेऱ्यांच्या भिंतींवर अजून ताजे होते, आणि आमच्या बुलडाणा जिल्ह्यात संगणक शोधून सापडायचे नाहीत. सातपुडा आणि पूर्णा नदी यांच्यामधला तो सगळा पट्टा खाऱ्या पाण्याचा. विहीर कितीही खोल खणा, पाणी खारटच लागतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि जन्मभर तेच पिऊन माणसं मूत्रपिंडाच्या दुखण्याने जातात. त्या गावांना बाहेरून नळाने गोडं पाणी आणायची एक योजना निघाली होती. कुठल्या गावाला आधी पाणी द्यायचं हे ठरवायला गावोगावच्या विहिरींतल्या क्षाराचे आकडे गोळा झाले होते. त्या आकड्यांची गणितं करून गावांची यादी काढायची, एवढ्यासाठी एक संगणक, एक प्रिंटर आणि एक मी, असे तिघे नांदुरा स्टेशनवर उतरलो आणि जीपने वरवट बकालला आलो.

मी मूळचा नांदुऱ्याचाच. पण पुण्याच्या वसतिगृहात माझ्या 'मले-तुले'वर पोरं इतकी हसली होती की मी ती बोली घासून काढून टाकली होती. सुखदेवभाऊंनी हे दुसऱ्याच दिवशी हेरलं. "तुमी नांदुऱ्याचे म्हनता, अन् बोलून राह्यले रेडिओसारखं," असं म्हणाले. मला राग आला होता, हे कबूल करतो.

खोली मिळाली ती एका जुन्या गोदामाला लागून. वर पत्रे. उन्हाळ्यात आमच्याकडे काय तापतं हे वऱ्हाडात राहिलेल्याला सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून पटायचं नाही. वातानुकूलन यंत्र मंजूर होतं, म्हणजे कागदावर होतं. आणि गणित असं मोठं की सकाळी सात वाजता, वीज आली की सुरू करायचं, ते दुपारी दोन-अडीचपर्यंत सलग चालायचं. इतका वेळ राबून प्रोसेसर असा तापायचा की अकरा-बारा वाजले की संगणकाचा पडदा जागच्या जागी गोठून जायचा. मग सगळं पहिल्यापासून. पहिल्या आठवड्यात मी एकदाही शेवटापर्यंत पोहोचलो नाही. तेव्हा कुणीतरी सांगितलं, शेजारच्या खेड्यात वाळेवाले सुखदेवभाऊ आहेत, त्यांना बोलवा.

बारीक चणीचा, पन्नाशीचा माणूस. अंगात पांढरा सदरा, पायजमा घोट्याच्या वर, आणि बोटं वाळ्याच्या मुळ्यांनी कायमची तपकिरी झालेली. बांबूच्या चौकटीत वाळा विणून ताट्या करायच्या, त्या उन्हाळ्यात कचेऱ्यांच्या दारा-खिडक्यांना लावायच्या आणि दिवसभर त्यांवर पाणी शिंपडायचं, हा त्यांच्या वडिलांपासूनचा धंदा. खामगाव-मलकापूरच्या कोर्टांत आणि खजिन्यांत त्यांनी पाणी शिंपडलेलं होतं. पुढे बाजारात कूलर आले आणि ताट्यांचं काम बसलं. मी त्यांना हंगामी पाणी शिंपणारा म्हणून ठेवून घेतलं. त्यांनी ताटी मशीनच्या खोलीला लावलीच नाही. ती बाहेरच्या पडवीला लावली, म्हणजे पाण्याचे तुषार पडवीतच पडावेत आणि आत फक्त गार वारा यावा. पत्र्यांवर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा हातभर थर घातला. दोन दिवसांत खोलीत वाळ्याचा वास भरला आणि पडदा गोठायचा तो एक-दीड तास उशिरा गोठू लागला.

तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. मशीनच्या डब्यावर ते हाताची उलटी बाजू ठेवायचे, घरातल्या लेकराचं अंग पाहतात तशी, आणि मला सांगायचे, "साहेब, याले ताप आहे." एकदा मी डबा उघडून त्यांना आतला प्रोसेसर दाखवला. आगपेटीच्या निम्म्याएवढा काळा चौकोन. म्हटलं, सगळा विचार हा करतो, आणि सगळा ताप यालाच येतो.

ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. "एवढासा जीव," म्हणाले, "अन् साऱ्या गावाइच्या इहिरी याच्या डोक्शात. मंग तापन नाई त काय होईन. साहेब, खोली कायले थंडी करता? याच्याच डोक्शावर वारा घाला ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बूड काढलेली बांबूची टोपली आणली. तिचं रुंद तोंड टेबलपंख्याला, अरुंद तोंड थेट त्या काळ्या चौकोनावर, आणि मध्ये काळ्या मातीची धूळ अडवायला बायकोच्या जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा. त्या दिवशी गणित प्रथमच शेवटपर्यंत गेलं. प्रिंटर करकरू लागला तेव्हा मी आनंदाने त्यांचा हात धरला, आणि ते "पापड पाहा, पापड पाहा," म्हणत हात सोडवून पाणी बंद करायला गेले.

आकड्यांत चुका निघायच्या, त्या दुरुस्त करून गणित पुन्हा चालवावं लागायचं, पुन्हा चुका निघायच्या. असा एक महिना गेला आणि मशीन वेगळ्याच तऱ्हेने कुरकुरू लागलं. तपासायला एक इंजिनियर आला. त्याने आतला एक भाग काढून माझ्यासमोर धरला. त्या भागाच्या पिवळ्या धातूच्या पायांवर पांढरी भुकटी बसली होती. ताटीवर शिंपडायला आम्ही कचेरीच्या विहिरीचं पाणी वापरत होतो. ते सुकलं की वाळ्यावर मीठ राहायचं, आणि तेच वाऱ्याबरोबर आत यायचं. "हे असंच चाललं तर वर्षभरात मशीन खलास," तो म्हणाला. "गोडं पाणी वापरा."

मी पडवीत गेलो आणि सांगितलं, "भाऊ, उद्यापासून ताटीला गोडं पाणी."

"गोडं?" त्यांनी विचारलं.

"हो, गोडंच."

त्यांनी हातातल्या मगातलं खारं पाणी अंगणात ओतून टाकलं. मग म्हणाले, "बरं. पाहून घेतो."

ते पाणी कुठून येणार, हे मी विचारलं नाही. कचेरीत पाणी लागलं की कुणीतरी आणतं, इतकाच माझा त्या विषयाचा अभ्यास होता, आणि पोटापाण्याला मी पाण्याचीच यादी करत होतो.

दुसऱ्या दिवसापासून सुखदेवभाऊ सकाळी सातच्या आत सायकलवरून यायचे. मागे दोन्ही बाजूंना गोडेतेलाचे रिकामे पत्र्याचे पिपे, पाण्याने भरलेले, तोंडाला ओलं फडकं. आधी माझा माठ भरायचा, उरलेलं ताटीसाठी. ताटीखाली त्यांनी पत्र्याची पन्हळ लावली होती, तिच्यात निथळलेलं पाणी पुन्हा वर शिंपायचे. एक मग ओतला की थांबायचे, वाळा किती पितो ते बघायचे, मग दुसरा. मी म्हणायचो, "भाऊ, अत्तर शिंपडताय का?" त्यावर ते म्हणायचे, "पानी वाळ्याले पाजा लागते साहेब, फेकून मारा लागत नाई."

स्वतः मात्र दुपारी भाकरीबरोबर विहिरीचंच पाणी प्यायचे. एकदा मी माठाकडे बोट दाखवलं तर म्हणाले, "ते तुमचं. तुमचं पोट आता शहरातलं झालं. आमाले खाऱ्याची सवय आहे." मला तो टोमणा वाटला होता. त्यांच्या गावातल्या विहिरीचा क्षाराचा आकडा मीच स्वतःच्या बोटांनी मशीनमध्ये भरला होता, आणि तो त्या पानावरचा सगळ्यांत मोठा होता. तो आकडा आणि ही सवय यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं माझ्या डोक्यात आलं नाही.

एकदाच त्यांनी माझ्या कामात तोंड घातलं. उन्हं चढत होती. ते दारात बसून म्हणाले, "साहेब, बैल असो का मशीन, दुपारी जू उतरवाच लागते. सकाळी दमानं काम घ्या, दुपारी याले निजू द्या. बाकीचं उद्या."

मी हसलो. "भाऊ, हे गणित मध्ये थांबवता येत नाही. थांबवलं की उद्या पुन्हा पहिल्यापासून."

"मंधात निशानी करून ठेवता येत नाई काय? आमी वखर सोडतो, त्या जागी दगडाची खून ठेवतो. उद्या तिथूनच पुढं."

"मशीनमध्ये दगड ठेवता येत नाही," मी म्हणालो. माझ्या विनोदावर मीच खूश झालो.

"तसं असन," ते म्हणाले. "पानी कमी लागलं असतं, म्हनून म्हनलं." आणि उठून ताटीकडे गेले.

त्यांना एकच गोष्ट माझ्याकडून हवी असायची. दर आठ-दहा दिवसांनी विचारायचे, "आमचं गाव येईन काय हो लिस्टीत?" मी सांगायचो, ते मशीन ठरवणार, मी नाही. मग ते मशीनकडे अशा आदराने पाहायचे की मला उगाचच मोठं वाटायचं. दर पौर्णिमेला ते पांढरेशुभ्र कपडे घालून विहारात जायचे आणि दुसऱ्या दिवशी येताना मशीनसाठी एक फूल आणायचे. ते डब्यावर न ठेवता बाजूला ठेवायचे, डब्यात पाकळी जायला नको म्हणून.

असे दोन उन्हाळे गेले. दुसऱ्या मे महिन्यात अखेरचं गणित लावलं. सगळे आकडे तपासलेले, वरून रोज तगादा. सकाळपासून उत्तम चाललं होतं. साडेबाराला पडवीतून येणारा वारा कोरडा आणि कढत झाला. पापड दगडासारखा कडक. बाहेर जाऊन पाहतो तर ताटी सुकलेली, पन्हळ सुकलेली, आणि सुखदेवभाऊ माझ्या माठातलं उरलंसुरलं पाणी मगाने वाळ्यावर ओतत होते. एकच पिपा दिसला.

"दुसरा कुठे?"

"आज घरी ठेवा लागला साहेब."

आतमध्ये पडदा गोठला होता. साडेपाच तासांचं गणित गेलं. मी बाहेर आलो आणि, आवाज न चढवता, अगदी शुद्ध भाषेत बोललो. ते वाक्य मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. म्हणालो, "भाऊ, कचेरीचं पाणी घरी नेत जाऊ नका. हे पाणी मशीनचं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही सांगावं की नाही याचा विचार करत असावेत. शेवटी हातातला मग उपडा घातला आणि म्हणाले, "चुकलं साहेब. उद्या दोन्ही आनतो."

दुसऱ्या दिवशी दोन्ही पिपे आले. गणित पूर्ण झालं. यादीत त्यांचं गाव तिसरं होतं. मी बोट ठेवून दाखवलं तेव्हा त्यांनी ते नाव दोनदा वाचलं, अडखळत, मोठ्याने. मग ताटीपाशी जाऊन तिच्यावरून हात फिरवत उभे राहिले. पुढच्या महिन्यात माझी बदली झाली. निघताना ते जीपपर्यंत आले आणि वाळ्याची एक जुडी माझ्या पिशवीत घातली. "कपड्यात ठेवा, वास राहते," म्हणाले. मी त्या पाण्याच्या गोष्टीबद्दल काहीतरी बोलणार होतो. मला तेव्हा ते माफ करणं वाटत होतं. बोललो नाही, हे एक बरं केलं.

बदली झाली तिथे वातानुकूलन होतं. पुढच्याच उन्हाळ्यात ते बंद पडलं आणि तसंच एक लांबलचक गणित अर्ध्यावर मरू लागलं. दुरुस्तीला पंधरा दिवस लागणार होते. नाइलाजाने मी विचार करत बसलो. दर तासाने गणित कुठवर आलं ते फ्लॉपीच्या तबकडीवर लिहून ठेवायचं, आणि पुन्हा सुरू केलं की ते वाचून तिथूनच पुढे जायचं, एवढंच करायचं होतं. अर्धं पान लिहावं लागलं. एक दुपार लागली. सकाळी काम, दुपारी मशीन बंद, दुसऱ्या दिवशी पुढे. ते नीट चाललं तेव्हा माझ्या सहकाऱ्यांनी वाहवा केली, आणि मला वखर आणि दगड आठवला. तो दगड दोन उन्हाळे आधी मला एका माणसाने फुकट दिला होता. मी तो विनोदावारी नेला, कारण देणाऱ्याला 'प्रोग्राम' हा शब्द येत नव्हता.

हे त्यांना सांगायला जावं, असं मी ठरवलं. ठरवण्यात आणखी सहा वर्षं गेली.

नांदुऱ्याला एका लग्नाला गेलो होतो, तिथून मुद्दाम त्यांच्या खेड्यात गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही. दार शांतावहिनींनी, त्यांच्या पत्नीने, उघडलं. मी त्यांना त्याआधी एकदाच, दुरून पाहिलं होतं. मी नाव सांगितलं तर लगेच ओळखलं. "मशीनवाले साहेब," म्हणाल्या आणि सतरंजी घातली. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी सुखदेवभाऊंचा फोटो होता. फोटोला हार होता.

चार वर्षं झाली होती. अंगावर सूज आली, मग अकोल्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, या पट्ट्यात हे नवं नाही, मूत्रपिंडं गेली आहेत. गावात नळ आला तो ते गेल्यावर आठ महिन्यांनी. वहिनी हे सगळं सरळ सांगत होत्या. त्यात तक्रार नव्हती. त्यांनी नळाचं पाणी पेल्यात भरून माझ्यासमोर ठेवलं.

"प्या, गोडं आहे," त्या म्हणाल्या. "पह्यले सातपुड्याच्या पायथ्याच्या एका मळ्यातून आनत होते ते. सायकलवर, पाहाटे उठून. मळेवाला दर घराले रोजचे दोनच पिपे भरू दे. ते दोन मंग तुमच्या मशीनले जात. मी पह्यल्यांदा भांडली त्यायच्याशी. मनलं, आपन काय प्यावं? त म्हने, दोन उन्हाळ्याची त गोष्ट आहे शांता, मशीन थंडं राह्यलं का लिस्ट निंगते, लिस्ट निंगली का गावाले पानी येते. आतापरेंत खारं पेलोच ना, आखीन दोन वर्सं पिऊ."

मी पेला उचलला होता. तो हातातच राहिला. दोन पिपे त्यांच्या घरचे होते. माझा माठही त्यातूनच भरत होता.

त्यांचा आजार माझ्यामुळे झाला असं मी म्हणत नाही. ते पन्नास वर्षं खारं पाणी प्याले होते, त्यात माझे दोन उन्हाळे किती, हे कुठलंही मशीन सांगणार नाही. पण त्यांच्या वाट्याला जे थोडं गोडं पाणी होतं ते दोन उन्हाळे माझ्याकडे आलं, आणि अर्धं पान लिहिण्याचा मी कंटाळा केला नसता तर त्यातलं निम्मं त्यांच्या घरी राहिलं असतं, एवढं गणित मला मशीनशिवाय येतं.

"एकच दिवस एक पिपा घरी ठेवला," वहिनी म्हणाल्या. "मले लय ताप भरला होता. खारं पानी पोटात राहे ना, उलटून पडे. त्या दिवशी मशीन बंद पडलं म्हनत होते. मी मनलं, साहेब रागावले असन. त म्हने, नाई व. साहेबानं तुह्या तब्येतीचं इचारलं. म्हने, पानी जाऊ द्या भाऊ, वयनीले पाहा."

त्या माझ्याकडे पाहत होत्या. इतक्या वर्षांनी घरी आलेल्या, त्यांची विचारपूस केलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

"इचारलं होतं ना तुमी?"

"हाव, वयनी," मी म्हणालो, आणि पेल्यातलं पाणी प्यायलो.